बिब्ब्याचा नसलेला डाग

थंडीत हात गार पडले की मी अजूनही ते आधी काखेत धरते आणि मगच कामाला लावते. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले. आता या हातांनी तपासायला घरात मांजराशिवाय कोणी नाही, आणि ते पोटाला हात लावू देत नाही. पण सवय काही जात नाही. गार हात पोटावर पडला की माणूस पोट आखडून घेतो आणि आखडलेल्या पोटातलं काहीही कळत नाही, हे मी नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी शिकवायची. जाडजूड पुस्तकं पाठ करून आलेली ती मुलं एकमेकांकडे बघायची. एवढी परीक्षा देऊन आलो ते हात शेकायला का, असा त्यांचा चेहरा व्हायचा.

बुलढाणा जिल्ह्यात मी सरकारी नोकरीत होते आणि ताप हा माझा विषय होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे दोन कामं आली. तालुक्यातालुक्यांतल्या नव्या डॉक्टरांना बोलावून पेशंट हातानं कसा तपासायचा हे शिकवायचं, हे पहिलं. आणि जिल्हाभरातून दर आठवड्याला येणाऱ्या तापाच्या खबरा एकत्र लावून कुठं काय पसरतंय ते ओळखायचं, हे दुसरं. पहिल्या कामावर माझा फार जीव होता. दुसऱ्या कामाच्या दिवशी माझ्या वाटेला सहसा कोणी जात नसे, शिपाईसुद्धा चहा टेबलाच्या टोकाला ठेवून निघून जायचा.

तपासणीत गूढ काही नाही. आधी नीट पाहायचं, मग हात लावायचा, मग बोटानं ठोकून आवाज घ्यायचा आणि सगळ्यात शेवटी कानाला नळी लावायची. मुलं नेमकी उलटी सुरुवात करतात. आल्या आल्या नळी लावतात, कारण ती लावली की पेशंटशी बोलावं लागत नाही आणि त्याच्याकडे बघावंही लागत नाही. मी दारातच त्यांच्या गळ्यातल्या नळ्या काढून घ्यायची. मग एकेकाला हिवतापाच्या पेशंटपाशी न्यायची आणि डाव्या बरगडीखाली त्याचा हात ठेवायला लावायची. पेशंटला म्हणायची, लांब श्वास घ्या. श्वासाबरोबर आतून सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हळूच खाली सरकते आणि बोटांच्या टोकाला येऊन टेकते. ज्याच्या हाताला ती पहिल्यांदा लागते त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. एक मुलगी तर "आली! मॅडम, आली!" असं ओरडली होती. कॉटवरचा म्हातारा घाबरून म्हणाला, "कोन आली जी?"

इतक्या वर्षांत हजारो पोटांवर हात ठेवला, पण ती पाणथरी बोटाला लागली की मला दर वेळी नवल वाटायचं. बाहेरून दिसत नाही असं काहीतरी आतून येतं आणि आपल्याला भेटून परत जातं. आणि त्याहून नवल त्या पेशंटांचं. तापानं फणफणलेली माणसं, पण दहा जणांनी पाळीपाळीनं पोट दाबलं तरी श्वास घ्या म्हटलं की घ्यायची, सोडा म्हटलं की सोडायची. आम्ही सगळे डॉक्टर असल्या माणसांच्या अंगावर शिकलो आहोत, हे आम्ही फार लवकर विसरतो.

खबरांचं काम मात्र कोरडं. प्रत्येक दवाखान्यानं कळवायचं की आठवड्यात तापाचे किती पेशंट आले आणि कशाचे. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड. ज्याचं काहीच सापडलं नाही तो 'अज्ञात कारणाचा ताप'. माझा सगळा राग या शेवटच्या नावावर होता. मी फोन करून विचारायची, "अज्ञात कोणाला? पेशंटला की तुम्हाला?" पलीकडचा बिचारा म्हणायचा, "मॅडम, सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत." मी विचारायची, "रिपोर्ट राहू दे, पेशंट पाहिलास का?"

महिन्यातून एकदा मोबाइलवर वेगवेगळ्या राज्यांतले आम्ही तापवाले डॉक्टर भेटायचो आणि आपापल्याकडचे पेशंट एकमेकांना सांगायचो. एकदा हिमाचलच्या डोंगरातल्या एका डॉक्टरनं स्क्रब टायफस नावाच्या तापाचा पेशंट दाखवला. गवताझुडपात एक किडा असतो, त्याचं पिल्लू नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. ते चावतं तेव्हा कळत नाही, नंतर दुखत नाही, खाजतही नाही. चावल्या जागी फक्त एक छोटी काळी खपली धरते, भोवती लालसर कडा. मग ताप चढतो, अंग मोडून येतं, आणि ओळखायला उशीर झाला तर फुप्फुसं आणि मेंदू धरतो. औषध मात्र अगदी साधं, कुठल्याही दवाखान्यात पडून असलेलं. त्यानं गोऱ्यापान पाठीवरची ती काळी खपली पडद्यावर दाखवली आणि म्हणाला, हा डाग दिसला की रिपोर्टची वाट पाहू नका. मी हसत म्हटलं, "आमच्याकडे असा डाग दिसला की आम्ही पेशंटच्या सासूला रागावतो." सगळे हसले, पण कोणाला काही कळलं नव्हतं.

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे अंग दुखलं की बिब्बा लावतात. बिब्ब्यात दाभण टोचून तो दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचा ठिपका दुखऱ्या जागी टेकवायचा. कंबर, गुडघा, पोटरी, जिथं दुखतं तिथं. कातडी भाजते, काळा डाग उमटतो, कधी कधी बिब्बा उततो म्हणजे फोड येऊन सगळीकडे पसरतो. डॉक्टर यावरून पेशंटला फार बोलतात. त्यामुळे लोक डाग लपवतात आणि विचारलं तर साफ नाही म्हणतात. आणि आम्ही डॉक्टर तरी काय, इतके डाग बघतो की नंतर आमची नजर त्यांच्यावर थांबतच नाही. काळं दिसलं, बिब्बा म्हटलं, पुढं गेलो.

त्या वर्षी पोळ्यानंतर धुऱ्यांवर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, कंबरभर गवत वाढलं होतं. अज्ञात तापाचे आकडे चढत होते, मेहकरकडून, चिखलीकडून, खाली खामगावच्या बाजूनंही. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. मी फोनवर ओरडून घसा बसवून घेतला होता. अशात एका दुपारी एका तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर निखिल स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसून पेशंट घेऊन बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात माझ्याकडे आला. निखिल पुण्याकडचा, हुशार, सालस मुलगा, नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. पेशंटबरोबर स्वतः यायची काही सक्ती नसते. पेशंट वाटेतच जाईल अशी भीती वाटली म्हणून तो आला, हे मी त्याच्या तोंडाकडे पाहूनच समजले.

पेशंटचं नाव नसीम. मेहकरकडच्या एका खेड्यातली, तिशीची बाई. नवरा युसुफ गाद्या भरायचा, आणि ही घरच्या शेळ्यांसाठी रोज धुऱ्यावरचं गवत कापायची. आठवड्यापासून ताप उतरत नव्हता. आता दम लागला होता, हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. युसुफचं म्हणणं, इथं थांबायचंच नाही, तसंच घाट उतरून अकोल्याला न्यायचं. ॲम्ब्युलन्सवाला खाली गाडी चालूच ठेवून उभा होता. मला मात्र दिसत होतं की ही बाई घाट उतरेल, पण पुढचा रस्ता तिला झेपणार नाही. ऑक्सिजन लावूनही ती धापा टाकत होती.

"काय काय पाहिलंस?" मी निखिलला विचारलं. त्यानं रक्ताचे सगळे रिपोर्ट घडाघडा सांगितले.

"अंग पाहिलंस?"

"छाती तपासली मॅडम. पोटही." मग हळूच म्हणाला, "कपड्यांवरून. घरचे सगळे भोवती उभे होते, बाईही संकोचून गेलेल्या. मला बरं वाटलं नाही."

वाईट हेतूनं केलेलं नव्हतं ते. आमच्या भागात परक्या बाईच्या अंगाकडे न पाहणं ही सभ्यता आहे, आणि हा मुलगा सभ्य होता. मी युसुफला म्हटलं, "मला तिला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहू दे. मग तू म्हणशील तिथं ने." सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं, पडदा ओढला. आत मी, सिस्टर आणि नसीमची सासू हलीमाबी.

कानामागून सुरुवात केली. मान, काखा, छातीखाली, पाठ. कमरेच्या मागच्या बाजूला दोन काळे डाग होते, पोटरीवर एक. मग सलवारीची नाडी सैल केली. उजव्या अंगाला, जिथं नाडी रुतते बरोबर तिथं, आणखी एक डाग. गोल, काळी खपली, भोवती लालसर कडा. खाली जांघेत बोटं फिरवली तर बोराएवढी एक गाठ हाताला लागली.

हिमाचलातली ती पाठ मला समोर दिसायला लागली. पण मागचे तीन डाग बिब्ब्याचे असतील तर हा चौथाही बिब्ब्याचाच नसेल कशावरून? रक्त बाहेरगावी पाठवून उत्तर यायला दिवस लागणार होते आणि नसीमकडे तेवढे दिवस नव्हते. मी हलीमाबींना विचारलं, "बिब्बा लावला होता का?"

"नाही जी. काहीच नाही लावलं." म्हातारीनं एका दमात सांगितलं.

पडद्याबाहेरून युसुफचा आवाज आला, "खोटं बोलून राह्यली ते मॅडम! रोज बिब्बा लावे. तिनंच भाजलं माह्या बायकोले!"

म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. तेव्हा मला कळलं की ही बाई आठवडाभर काय ओझं घेऊन फिरतेय. सुनेचा ताप आपल्या बिब्ब्यानं आला, आता ही मेली तर आपल्या हातानं मेली, असं तिनं मनाशी धरलं होतं. दरडावून मला तिच्याकडून आणखी एक 'नाही' मिळालं असतं, बाकी काही नाही. मी कॉटच्या कडेला बसले, चप्पल काढली आणि माझा घोटा तिच्यापुढे केला. लहानपणी पाय मुरगळला तेव्हा आईनं लावलेल्या बिब्ब्याचा डाग माझ्या घोट्यावर अजून आहे.

"हे पाहा मावशी. हा माह्या आईनं लावला होता. तुमच्यावर कोनी रागावत नाही. तुम्ही कुठं कुठं लावला तेवढंच सांगा. तुमच्या सांगन्यावर तिचं औषध ठरते."

ती माझ्या घोट्याकडे बघत राहिली. मग रडत रडत नसीमच्या अंगावर एकेक बोट ठेवत गेली. "हा लावला. हा लावला. अन् पोटरीले हा." नाडीखालच्या डागापाशी तिचं बोट थांबलं. "हा नाही जी. अल्ला कसम हा मी नाही लावला. अठी काऊन लावीन? अठी कुठं दुखे तिले?"

"खाजवत होती का ती इथं? आग होते म्हणत होती?"

"नाही. हा हाय हेच मले मालूम नव्हतं."

मला तेवढं पुरलं. सिस्टरनं त्या साध्या औषधाच्या गोळ्या कुटून पाण्यात कालवल्या आणि नाकातून नळी घालून पोटात सोडल्या. मी बाहेर येऊन युसुफला सांगितलं की आज हिला हलवायचं नाही, आणि काय वाटतंय तेही स्पष्ट सांगितलं. "अन् तुमचा अंदाज चुकला तं?" त्यानं विचारलं. रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, "चुकला तर मी इथंच आहे, तुझ्यासमोर." एका म्हातारीच्या शपथेवर आणि माझ्या दोन बोटांवर मी एक जीव थांबवून धरला होता. त्यानं खाली जाऊन गाडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. आवाज थांबला तसा सगळा वॉर्ड एकदम शांत झाला आणि मला जास्तच धास्ती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी ताप होताच, पण धाप कमी झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी राउंडला गेले तर नसीम उशीला टेकून बसली होती, कपाळ घामानं भिजलेलं, आणि सासूला म्हणत होती, "अम्मी, इस चाय में शक्कर नहीं है." मी तिच्या कपाळाला हात लावला. गार. शिकून, शिकवून माझी उभी हयात गेली, पण ते गार कपाळ हाताला लागलं तेव्हा मी सिस्टरकडे पाठ फिरवून डोळे पुसले. डोळ्यांना न दिसणारा किडा एका धडधाकट बाईला मरणाच्या दारात नेतो, आणि साधीशी गोळी तिला तिथून उठवून चहात साखर नाही म्हणून तक्रार करायला लावते. याला काय म्हणायचं ते मला आजही माहीत नाही.

मी युसुफला आत बोलावलं आणि हलीमाबींसमोरच सांगितलं, "बिब्ब्यानं काही झालेलं नाही. गवतातल्या किड्यानं झालं. उलट हा डाग आपला नाही असं तुझ्या आईनं ठामपणे सांगितलं म्हणून मला औषध सुचलं." युसुफ आईच्या हातातली पिशवी घेऊन म्हणाला, "चलो अम्मी. नाश्ता कर लो." नाश्ता करून आल्यावर म्हातारी नसीमच्या कॉटवर डोकं टेकून गाढ झोपली.

त्याच दिवशी मी सगळ्या तालुक्यांच्या डॉक्टरांना एकत्र फोनवर घेतलं. हिमाचलच्या डॉक्टरनं दाखवलेला डाग समजावला आणि म्हटलं की अज्ञात तापाचा प्रत्येक पेशंट उघडून पाहा, काखेत, जांघेत, नाडीखाली, करदोड्याखाली. काळा डाग दिसला तर रागावू नका, हा लावलाय की नाही एवढंच विचारा, आणि लावलेला नसेल तर लगेच औषध सुरू करा. संध्याकाळी पुन्हा सगळ्यांना फोनवर घेतलं. सापडला मॅडम. इथंही सापडला. एकानं तर हिमाचलच्या डॉक्टरला धन्यवाद कळवायला सांगितले. शेवटी एक डॉक्टर म्हणाला, "मॅडम, मागच्या महिन्यात माझ्याकडचा एक माणूस गेला. त्याच्या काखेत होता असा. मी बिब्बा समजलो." मी अज्ञात तापाच्या आकड्यातून एक कमी केला आणि स्क्रब टायफसखाली लिहिला.

नसीम घरी जायच्या आदल्या दिवशी नव्या डॉक्टरांची तुकडी शिकायला आली, निखिलही त्यात होता. तो डाग पुस्तकात दाखवून भागणार नव्हतं. पण मला विचारायचाच धीर होईना. शेवटी नसीमपाशी बसून म्हटलं, "डॉक्टर मुली आल्या आहेत. त्यांना तुझा डाग दाखवशील? नाही म्हणालीस तरी चालेल, तुझ्या औषधात काही फरक पडणार नाही."

तिनं सासूकडे पाहिलं, मग मान हलवली. मी मुलींना पडद्याआड घेतलं. नसीमनं कुर्ता वर धरून नाडी बोटभर खाली सारली. हलीमाबींनी कोणी न सांगताच आपला हात पुढे केला. मनगटावर जुना बिब्ब्याचा डाग होता. "हा पाहा, हा बिब्ब्याचा. अन् तो पाहा, तो किड्याचा. बोट लावून पाहा पोरींनो." मुली एकदा सासूच्या मनगटावर आणि एकदा सुनेच्या कमरेवर बोट फिरवत होत्या.

पडद्याबाहेर कुजबुज ऐकू आली तशी नसीमनं विचारलं, "बाहीर कोन हाय जी?"

"बाकीचे डॉक्टर. पुरुष आहेत. त्यांना मी फोटो दाखवीन."

नसीमनं पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या दवाखान्यात तं मानूस डाक्टरच हाय मॅडम. तठी तुम्ही कुठून येसान?"

तिनं ओढणी डोक्यावरून नीट घेतली, अर्धा चेहरा झाकला आणि म्हणाली, "बोलवा त्यायले."

मी पडदा सरकवला. पोरं एकामागून एक आत आली. सगळ्यात पुढे निखिल. सगळ्यांच्या माना खाली, जणू फरशीच तपासायला आले होते. कोणाचं पाऊल कॉटपाशी येईना.

"खाली काय पाहून राह्यले डाक्टरसायेब?" नसीम ओढणीआडून म्हणाली. "अठी पाहा."

निखिलनं मान वर केली आणि पाहिलं.